टाटा १२१० एसई, १/२४ : कामाची वही

५ मे २०२४
टाटाच्या या ट्रकचं चोवीसपट लहान मॉडेल करायचंय, त्यासाठी मोजमापं झाली. गावाबाहेरच्या गॅरेजमागे बाभळीखाली एक १२१० कित्येक वर्षं उभी आहे. इंजिन गेलंय, केबिनचं लाकूड कुणीतरी चुलीला नेलंय. पण चासी, पुढचा काउल (बोनेट आणि काचेखालचा पत्रा) आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जागेवर आहेत. टेप मी धरली, आकडे मामांनी लिहिले. मामांनी २६ वर्षं ट्रक चालवला, त्यातली पहिली आठ याच जातीच्या गाडीवर. कोल्हापूरचा गूळ घेऊन अहमदाबादला जायचे आणि येताना मिळेल तो माल भरायचे.

व्हीलबेस ४२२५ मिमी, म्हणजे १/२४ ला १७६. हौदा १७ फुटी, २१६ मिमी. रुंदी आठ फूट, १०२ मिमी. चासीची उंची गंजाचे पापुद्रे खरवडून मोजली, मॉडेलवर ९ मिमी येते.

या गाडीचा किट मला कुठे मिळाला नाही. १/२४ मध्ये युरोपातले ट्रक मिळतात, १/२५ मध्ये अमेरिकेतले. त्यांच्या केबिनी कापून हे नाक निघत नाही. म्हणजे सगळंच हातानं करायचं.

१९ मे
चासी. जुन्या एटीएम कार्डांच्या पट्ट्या कापल्या. कार्डाची जाडी ०.७६ मिमी, म्हणजे खऱ्या मापात १८ मिमी पत्रा. इतका जाड पत्रा चासीला नसतो, पण चॅनेलच्या आतली बाजू कुणाला दिसत नाही आणि कडा कानशीनं पातळ करता येते. दोन्ही चॅनेल समांतर राहावेत म्हणून काचेवर आलेखाचा कागद चिकटवून त्यावरच जोडले. क्रॉस मेंबर (आडवे दांडे) पाच.

रिव्हेट म्हणून फेव्हिकॉलचे ठिपके, सुईच्या टोकानं. एकशे चाळीस झाले. पंख्याखाली बसलो होतो म्हणून अर्धे वाळताना बसके झाले. ते पुन्हा केले, पंखा बंद ठेवून. मे महिन्यात.

२ जून
नाव काय सांगतं ते मामांना विचारलं तर म्हणाले, "बारा टन आन् शंबर घोडं." बरोबर आहे. पहिले दोन आकडे मालासकट एकूण वजनाचे, पुढचे दोन अश्वशक्तीचे, दहाच्या पटीत. एसई म्हणजे अर्धं नाक : इंजिन निम्मं बोनेटखाली, निम्मं केबिनमध्ये. उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला कायम शेक.

इंजिन ६९७. सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर, म्हणून ६९७. टेल्कोनं (टाटा मोटर्सचं जुनं नाव) १९५४ मध्ये डाइमलर-बेन्झशी करार केला, तो १९६९ मध्ये संपला. नाकावरच्या मर्सिडीजच्या चांदणीच्या जागी टाटांचा टी आला, पण नाकाची ठेवण आणि इंजिनाची जात जर्मनच राहिली. मॉडेलला इंजिन करणार नाही. बोनेट बंद राहील. नुसतं खालून दिसतं तेवढं चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि गिअरबॉक्स. हा आळस आहे हे मान्य.

२३ जून
टायर. या प्रकल्पाचं सगळ्यात कटकटीचं काम.

९.००-२० चा टायर उभा मोजला तर मीटरभराहून जरा जास्त भरतो. मॉडेलवर साडेबेचाळीस मिमी. जवळ एका युरोपियन किटचे टायर होते, पंचेचाळीसचे. अडीच मिमीचा फरक सोडून दिला असता, पण चूक मापापेक्षा चेहऱ्यात आहे. ते टायर ट्यूबलेस, साडेबावीस इंची रिमचे. आपल्या गाडीला वीस इंची रिम, दोन तुकड्यांची, त्यावर लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारी कडी). ती रिंग आणि तिचा काप दिसला नाही तर चाक परदेशी वाटतं. पंक्चरवाला हवा भरताना तिच्यासमोर का उभा राहत नाही ते एकदा रिंग उडालेली पाहिली की कळतं.

मूळ चाकं पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवरून केली, ड्रिल मशीनला लावून घासली. पुढच्या टायरवर सरळ रेघांची नक्षी, ती करवतीच्या पात्यानं सहज निघाली. मागच्याला जाड गोट्यांची नक्षी, ती प्लास्टिकच्या फुलीफुलीच्या तुकड्यांनी चिकटवावी लागली. एका टायरला ६४ तुकडे.

साचा फसला. भोवती बांध घालायला मुलांची मातकाम करायची चिकणमाती वापरली आणि त्यात प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन ओतलं. दुसऱ्या दिवशी मातीला लागलेला सगळा भाग गुळाच्या पाकासारखा चिकट. मातीत गंधक होतं. गंधक लागलं की हे सिलिकॉन तिथे घट्ट होतच नाही. दीडशे ग्रॅम गेलं. टायर रॉकेलमध्ये घासून घासून सोडवला, ६४ पैकी ९ तुकडे निघाले.

३० जून
दुसरा साचा सनबोर्डच्या डबीत. निघाला. सात टायर ओतले : पुढे दोन, मागे चार, एक स्टेपनी. मागच्या आतल्या दोघांवर नक्षी नीट आली नाही, ते तसेच बसवले. दिसत नाहीत. मामा म्हणाले, खऱ्या गाडीतही आतल्या बाजूला रिमोल्डच (नवी नक्षी चढवलेले जुने टायर) असायचे.

१४ जुलै
पाटे बसवले. ०.५ मिमी शीटच्या ३ मिमी रुंद पट्ट्या, खालपर्यंत आखूड होत गेलेल्या, मागे दहा, पुढे आठ. गरम पाण्यात बुडवून काचेच्या बाटलीवर बाक दिला. यू-बोल्ट तांब्याच्या तारेचे. फार छान दिसले. इतके छान की दोन दिवस टेबलावरून उचलले नाहीत.

१६ जुलै
मामा आले, चहा घेतला, चासी हातात धरून डोळ्यांच्या रेषेत आणली.

"गाडी रिकामी हाय व्हय रं?"

मी म्हटलं, नाही मामा, गूळ भरायचाय.

"मग ह्ये पाटं असं उड्या का मारल्यात?"

रिकामी १२१० मागून उंच उभी राहते, तिचे मागचे पाटे धनुष्यासारखे वाकलेले असतात. माल पडला की तेच पाटे जवळजवळ सपाट होतात आणि वरचे मदतीचे पाटे टेकतात. मी बाभळीखालची गाडी बघून बाक काढला होता. तिच्यावर गेल्या कित्येक वर्षांत पालापाचोळ्याशिवाय काही पडलेलं नाही.

मागचे दोन्ही जुडगे सोडले. पुन्हा गरम पाणी, या वेळी जवळजवळ सरळ पट्टीवर. गाडी मागून ३ मिमी खाली आली. खऱ्या मापात ७२ मिमी. तीन मिमीत एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. आधी खेळणं होतं, आता नुसती चासी ठेवली तरी काहीतरी वाहतेय असं वाटतं.

टायरही तसेच. खालचा भाग अर्धा मिमी घासून सपाट केला, आणि हेअर ड्रायरनं तापवून बाजूंना किंचित पोट काढलं. फक्त मागच्यांना. पुढे वजन फारसं वाढत नाही.

२१ जुलै
केबिनचा सांगाडा. कंपनीतून गाडी यायची ती चासी आणि काउल एवढीच. केबिन आणि हौदा गावातले सुतार बांधायचे, त्यामुळे दोन केबिनी एकसारख्या नसायच्याच. याचा फायदा असा की मी कुठेही चुकलो तरी "आमच्या सुतारानं अशीच बांधली होती" म्हणता येतं. दारं आइस्क्रीमच्या काड्यांची, वर पातळ ॲल्युमिनियम, थंड पेयाच्या कॅनचं.

२८ जुलै
रंगाचा दिवस. नको होता.

नॅशनल परमिटच्या गाडीच्या बॉडीला सुक्या पानाचा तपकिरी रंग आणि त्यावर जाड पांढरी किनार, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत होतं. सुकं पान म्हणजे कुठलं पान? सागाचं धरलं तर लालसर, आंब्याचं धरलं तर पिवळट. मी खिडकीत पिंपळाचं ठेवून त्याच्याशी जुळवला : तांबडी गेरू, पिवळा, थोडा काळा, आणि शेवटी पांढऱ्याचे चार थेंब. छोट्या वस्तूवर तोच रंग गडद दिसतो, म्हणून नेहमी थोडा फिका करावा लागतो.

मग एअरब्रशनं मारला. बाहेर आषाढातला पाऊस, भिंतींना ओल. दहा मिनिटांत सगळी केबिन राख फासल्यासारखी पांढुरकी. लॅकरचा थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. हे मला माहीत होतं. तरी मारला. रविवार होता आणि हात शिवशिवत होते.

११ ऑगस्ट
दोन आठवडे काहीच केलं नाही.

१८ ऑगस्ट
ऊन पडलं. पांढुरक्या केबिनवर नुसता थिनर, थोडा मंद उडणारा, धुक्यासारखा मारला. बराचसा मूळ रंग परत आला. राहिलेल्या जागी दुसरा हात. किनारीसाठी मास्किंग टेप दीड मिमीचा कापला.

आता रंग जुना करण्याबद्दल. मॉडेल ट्रक जुने करायचे जे व्हिडिओ बघतो ते सगळे परदेशी. तिथे ट्रक गंजून, सोलून, भोकं पडून शेतात उभा. मीठ टाकून रंग उडवणं, हेअरस्प्रेवर रंग देऊन खरवडणं, सगळं शिकलो आणि सगळं याला चुकीचं आहे. आपली कामावरची जुनी गाडी दरवर्षी पासिंगला जाते आणि पासिंगच्या आधी मालक तिला रंग देतो. गंज असतोच, पण तो रंगाखाली असतो. त्यामुळे या गाडीची जुनवट खूण म्हणजे रंगाचे थर : कडांचा धारदारपणा गेलेला, बिजागरीत रंग भरलेला, स्क्रूच्या खाचा बुजलेल्या. म्हणून कोपऱ्यांवर ब्रशनं मुद्दाम जाड हात दिला. एअरब्रश घेतल्याचं सार्थक झालं म्हणायचं.

झीज कुठे असते ते मामांनी खडूनं दाखवलं. फूटबोर्डाचा मधला भाग. ड्रायव्हरच्या दाराची वरची कड, जिथे कोपर टेकतं. क्लीनरच्या दारावर तळहात आपटतो ती जागा, कारण मागे घेताना तो बाहेर लोंबकळून दार थोपटत असतो. फाळक्यांची (हौद्याच्या बाजूच्या फळ्यांची) वरची कड, हमालांच्या चढण्या-उतरण्यानं. बाकी गाडी चकचकीत. एवढ्या चारच जागा घासल्या.

१ सप्टेंबर
अक्षरं. प्रिंटरवर स्टिकर छापून बघितले, पण घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही आणि या गाडीवर निम्मी अक्षरं पांढरी. शून्य-शून्य-शून्य नंबरचा ब्रश, त्यातलेही निम्मे केस कापलेले.

काचेच्या वर 'जोतिबा प्रसन्न', ३ मिमी उंचीची अक्षरं. 'ज्योतिबा' लिहायला गेलो होतो, मामांनी हात धरला. मागच्या फाळक्यावर हॉर्न ओके प्लीज. राज्याच्या परिवहन खात्यानं २०१५ मध्ये त्यावर बंदी आणली, पण माझी गाडी १९९१ ची आहे. तिला चालतं. 'ओके'मधला ओ जरा मोठा आलाय, अंड्यासारखा. तसाच ठेवला, रंगाऱ्यांचाही यायचा.

नंबराच्या पाटीवर अक्षरं काळी. एमएच ०९ पर्यंत लिहिलं. पुढचा खरा नंबर मामांनी सांगितला नाही. "त्या गाडीचा मालक अजून हाय. उगं कशाला." मग पुढे माझ्या बारावीच्या सीट नंबरातले चार आकडे. एमएच मालिका १९८९ पासूनची. त्याआधी एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची. ही तारीख चुकली की जाणकार माणूस आधी तेच दाखवतो.

८ सप्टेंबर
माल. गुळाचे रवे (ढेपा) साबुदाण्याच्या पिठाच्या कणकेचे करून बघितले, मुंग्या लागल्या. मग एपॉक्सी पुटीचे. खरा रवा ३० किलोचा, छोट्या बादलीएवढा. मॉडेलवर बारा-तेरा मिमी. वरून दिसतील तेवढे चोवीस केले, त्यावर बारदान म्हणून जुन्या रुमालाचं कापड.

वर ताडपत्री. टिश्यू पेपरचे दोन थर, पाण्यात सैल केलेला फेव्हिकॉल, वाळल्यावर हिरवट तपकिरी रंग. खाली थर्माकोलचा ढीग. छान उंच भरलेली दिसली, फाळक्यांच्या वर साडेचार सेंटीमीटर.

९ सप्टेंबर
मामा : "गूळ भरलास का कापूस?"

मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब झाला, मामांनी तोंडी, मी कागदावर. साडेसात टन माल. ३० किलोचा एक, म्हणजे २५० रवे. रवा फूटभर. १७ फूट लांब, आठ फुटांत आडवे साडेसात धरले तर एका थरात सव्वाशेच्या आसपास बसतात. म्हणजे सगळा गूळ दोन थरांत संपतो. फाळके दोन फुटी. बारदान, तळाची गवताची गादी आणि वरचा उंचसखलपणा धरून माल फाळक्याच्या वर वीतभरही येत नाही. मॉडेलवर ६ मिमी. मी ४५ केले होते.

जड माल दिसत नाही, बसतो. कापसाची गाडी डोंगर झालेली दिसते आणि पाटे निम्मे मोकळे असतात. गुळाची गाडी लांबून रिकामी वाटते, जवळ गेलं की टायरचं पोट आणि पाट्यांची सपाटी दिसते. नाक्यावर पोलीसदेखील माल बघायचे नाहीत, आधी मागच्या पाट्यांकडे बघायचे, असं मामा सांगत होते.

दोन महिन्यांपूर्वी पाटे दाबले होते ते बरं झालं. थर्माकोल काढला. आठवडाभराचं काम कचऱ्यात. चोवीसपैकी सोळा रवे ताडपत्रीखाली जाणार, तरी सगळे ठेवले.

१५ सप्टेंबर
सहज म्हणून एक हिशेब केला. १/२४ म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोवीस पटींनी कमी, म्हणजे वजन १३,८२४ पटींनी. १२ टनांना त्यानं भागलं तर ८६८ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी गाडी २३४ ग्रॅम भरली.

हौद्याच्या तळाखाली गळाला लावतात ती शिशाची वजनं चिकटवली, सहाशे तीस ग्रॅमची. काटा ८६४ वर. चार ग्रॅमसाठी दोन वॉशर टाकले, कशासाठी ते विचारू नका. डोळ्यांना काडीचा फरक नाही. उचलताना मात्र हात दचकतो. तार्किक वाटत नाही, पण गाडी टेबलावर ठेवताना जो 'टक्' असा आवाज यायचा तो गेला, आता 'धप्' येतो.

रात्री शिशाच्या वजनानं मागचा एक शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) चिरला. आतून पितळी पिनेचा आधार दिला.

२२ सप्टेंबर
नवी ताडपत्री. या वेळी टिश्यूला चुण्या न पाडता ओली असतानाच खाली रवे ठेवून वरून दाबली. मग वाळायच्या आत दोर ओढले. हा क्रम महत्त्वाचा. वाळलेल्या ताडपत्रीवर दोर टाकला की तो नुसता वर पडून राहतो. ओल्यात ओढला की कापडात रुततो, दोन दोरांमध्ये कापड फुगतं, आणि फाळक्याच्या कडेवर दाबल्याची घडी पडते.

दोर म्हणजे चपला शिवायचा मेणाचा दोरा नको, तो चकाकतो. साधा सुती शिवणाचा दोरा तिपदरी पिळला, चहाच्या पाण्यात बुडवला आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून झटकन फिरवून केस जाळले. जाडी पाऊण मिमी, खऱ्यात १८ मिमी.

गाठ मामांनी आधी खऱ्या दोरावर, कॉटच्या पायाला दाखवली. दोर वरून खाली येतो. कमरेच्या उंचीवर त्याला एक पीळ देऊन फास काढायचा, टोक खालच्या कडीतून घ्यायचं, परत वर आणून फासात घालायचं, आणि अंगाचा भार टाकून खाली ओढायचं. एका माणसाचा जोर दोघा-तिघांचा होतो. शेवटी दोन वेटोळी. गाठ म्हणावी अशी गाठ नाहीच. टोक ओढलं की सगळं सुटतं. मामा सत्तरीचे आहेत, हाताला कंप आहे, पण गाठ मारताना तो नव्हता.

पाऊण मिमीच्या दोराला हेच दोन चिमट्यांनी. पहिल्या गाठीला पन्नास मिनिटं लागली. सातवीला बारा.

६ ऑक्टोबर
किरकोळ. आरशाच्या काड्या, लिंबू-मिरची (मिरच्या रंगीत तारेच्या), मागच्या बंपरखाली काळी चप्पल, दारामागे पाण्याचं ड्रम, चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा साखळीला बांधलेला. काचांना आतून पुसलेल्या हाताची वर्तुळं.

१२ ऑक्टोबर
दसरा. घरातल्या दोन गाड्यांची पूजा झाल्यावर मामांनी मॉडेल बाहेर मागितलं. मला वाटलं हळदकुंकू लावतील. चष्मा वर करून त्यांनी गाडी हळूहळू फिरवली, पाटे बघितले, टायरवर अंगठा दाबला, मान हलवली. मग दोरांवर बोट फिरवत थांबले.

"गाठी ड्रायव्हर साइडला मारल्यास."

मी म्हटलं, हो, तिकडून जास्त दिसतात.

"दिसत्यात, पर मारणार कोण? रस्त्याच्या अंगाला हुबा ऱ्हाऊन दोर वडायचा, आन् मागनं यष्टी आली मंजी? गाठ कायम क्लीनर साइडला. रस्त्याच्या कडंला."

१३ ऑक्टोबर
सात गाठी सोडल्या. ताडपत्री उजवीकडे दोन ठिकाणी फाटली, ठिगळ लावलं, ते बरं दिसतंय. संध्याकाळपर्यंत डाव्या बाजूला पाच झाल्या. दोन उद्या.